माझ्या कार्डावर गेलेला भाऊ

मी मेल्याची बातमी मला केजच्या बसस्थानकासमोर चहा पिताना कळली, आणि मी हसलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर सांगायचा धीर होईलच असं नाही.

उन्हाळ्याचे दिवस, दुपारी साडेअकराचा सुमार. सरकारी दवाखान्यात कमरेला शेक घेऊन मी हॉटेलात टेकलो होतो. आमच्या गावचा एक मेंढपाळ बाजाराला बकरी घेऊन आलेला, तोही शेजारी बसला होता. फोनवर बोट फिरवता फिरवता तो थांबला. माझ्याकडं बघितलं, पुन्हा फोनकडं बघितलं.

"तुमची ती लोखंडाची कंपनी जालन्यालाच ना?"

"व्हय. कावून?"

"भट्टीत स्फोट झालाय म्हनं सकाळी. चौघं गेले. अन् यात तुमचं नाव हाय की!"

त्यानं फोन माझ्यापुढं धरला. कारखान्याच्या गेटवर लावलेल्या मृतांच्या यादीचा कुणीतरी फोटो काढून पाठवला होता. तिसऱ्या ओळीत माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, तालुका, सगळं बिनचूक. इतकं शुद्ध माझं नाव आमच्या ग्रामपंचायतीनंही कधी लिहिलं नव्हतं. हॉटेलवाला वाकून बघून म्हणाला, "मेलेल्या मानसाकडून आमी चहाचं घेत न्हाई, जावा तसंच." बाकड्यावरचे सगळे हसले. कुणी म्हणालं, मेल्याची अफवा उठली की आयुष्य वाढतं. मीही हसलो, चांगला तोंड उघडून हसलो, आणि चहाचा घोट घेतला.

तो घोट घशाखाली उतरेपर्यंत मला आठवलं की माझं कार्ड माझ्या खिशात नाही. ते धाकट्या भावाच्या गळ्यात होतं.

ज्यांना आमचा भाग ठाऊक नाही त्यांना हे वेडेपण वाटेल, म्हणून थोडं समजावून सांगतो. आमचं घर मूळचं मेंढरामागं फिरणारं. मेंढरं सरली तसा भाऊ ऊसतोडीला लागला आणि मी जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यात. ऊसतोडीला जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला आमच्याकडं एक कोयता म्हणतात. मुकादम, म्हणजे टोळी जमवून साखर कारखान्याला नेणारा माणूस, कोयते मोजतो. माणसं मोजत नाही. नवरा आजारी पडला तर त्याचा भाऊ उभा राहतो, बायको बाळंत झाली तर नणंद येते. कोयता भरला की झालं. आमच्या दोन-तीन पिढ्या अशा एकमेकांच्या जागी उभ्या राहिल्या आहेत आणि त्यात कुणाला लबाडी दिसली नाही. उलट जो उभा राहिला नाही, तो कसला भाऊ, असंच आम्ही म्हणत आलो.

त्या उन्हाळ्यात माझी कंबर गेली. वीस वर्षं भट्टीत भंगार टाकल्यावर ती जायचीच होती. पण आमच्या कारखान्यात सलग खाडे पडले की कायम कामगाराचं नाव कमी करून त्याला ठेकेदाराच्या यादीत ढकलायची पद्धत पडली होती, आणि कायम कामगार म्हणून आम्ही उरलो होतो बोटावर मोजण्याइतके. भाऊ ऊसतोडीहून नुकताच परतला होता, मोकळाच होता. अंगणात जेवायला बसलो असताना तो सहज म्हणाला, "दादा, मी जातो की तुज्या कार्डावर. तू पड घरी. म्हैनाभर तर हाय." माझी बायको भाकरी वाढत होती, तीही म्हणाली, जाऊ द्या की. भाकरी संपायच्या आत ठरलं. त्याची बायको, जिला घरात आम्ही सगळे धाकटी म्हणतो, ती तेव्हा एका लग्नासाठी आष्टीकडं माहेरी गेली होती. ती परतल्यावर तिला एवढंच सांगितलं की तो माझ्या कारखान्यात कामाला लागलाय. कार्डाचं सांगण्यासारखं आहे असं कुणाला वाटलंच नाही. कंबर सुधारेना, म्हणून त्याच्या महिन्याचा दीड महिना झाला.

गेटवर पकडतील ही भीतीसुद्धा नव्हती. आम्ही दोघं एकाच ठशाचे, त्यात भट्टीवाला माणूस तोंडाला फडकं बांधूनच आत शिरतो. मध्यंतरी कंपनीनं अंगठ्याचं मशीन बसवलं होतं. पण आमच्या अंगठ्यावरच्या रेघा भट्टीनं कधीच पुसून टाकल्या होत्या, मशीन आम्हाला ओळखेना. आठवड्यात ते फडक्याखाली गेलं आणि पुन्हा कार्ड बघून रजिस्टरला टिक मारणं सुरू झालं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी त्याला काम शिकवलं. फावडं कसं धरायचं, वितळलेल्या लोखंडाकडं सरळ बघायचं नाही, बुटाची नाडी बांधायची नाही म्हणजे ठिणगी आत गेली तर बूट झटक्यात काढता येतो. भंगारात ओलं काही दिसलं तर बाजूला टाकायचं, हेही सांगितलं. दोन्ही तोंडं बंद असलेला पाइप किंवा नळकांडं भट्टीत गेलं तर आतली हवा तापून ते बॉम्बसारखं फुटतं, हे मी त्याला सांगितलं का? मला आठवत नाही. आजही आठवत नाही. कितीदा तरी त्या संध्याकाळचा शब्द न् शब्द मनात फिरवून बघितला, त्या एका वाक्यापाशी माझं डोकं कोरं होतं.

केजहून गावाकडं काळीपिवळीत बसलो तेव्हा मी त्याला फोन लावत होतो. फोन बंद. मनाला समजावलं की कामावर फोन आत नेऊ देत नाहीत, तो बंदच असतो. दुसरं मन म्हणत होतं, अरे, यादी गेटवरच्या हजेरीवरून केलीय, आणि तुझ्या नावावर हजर कोण होतं? गाडीतल्या माणसांना मी दोनदा विचारलं की आज वार कोणता. त्यांनी दोनदा सांगितलं.

घराजवळ उतरलो तर बातमी माझ्याआधी पोचली होती. गावात हसाहशी चालली होती. पाण्याच्या टँकरपाशी बाया उभ्या होत्या, त्यात धाकटी होती. मला बघितल्यावर तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, पण हसू तिला आवरत नव्हतं. "दादा, तुमी तर मेलात म्हनं!" म्हणाली ती, आणि हंडा खाली ठेवून पदरात तोंड घालून हसली. मग म्हणाली, "ह्यान्चं नाव त्यात न्हाई, मी इचारून घेतलं. फोन लावा की ह्यान्ला, लई घाबरले असतील तिकडं."

माझी बायको दारात उभी होती. ती हसत नव्हती. तिला कार्डाचं ठाऊक होतं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि खालीच बसली. धाकटीनं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी कसं सांगितलं ते मला सांगता येत नाही. एवढं आठवतं की मी कार्ड, कार्ड असं काहीतरी बोलत होतो आणि ती विचारत होती, "कसलं कार्ड? कुनाचं कार्ड?" टँकरचा नळ तसाच वाहत होता आणि तो कुणी बंद केला नाही. आमच्या गावात, त्या महिन्यात, पाणी वाहतंय आणि कुणी बघत नाही, असं मी त्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

जालन्याच्या दवाखान्यात मला तोंड बघू दिलं नाही. बघण्यासारखं नाही, असं वॉर्डबॉय म्हणाला आणि त्यानं पायाकडून चादर वर केली. उजव्या घोट्याखाली कोयता लागल्याची आडवी खूण होती. ती जखम मीच शिवून आणली होती, त्याला मोटारसायकलवर बसवून, तो वाटभर मला शिव्या देत होता. मी म्हटलं, हा माझा भाऊ. मग चादर मीच पुन्हा खाली ओढली.

बाहेर व्हरांड्यात कंपनीचा एक तरुण साहेब फाइल घेऊन बसला होता. माणूस वाईट नव्हता, मला पाणी दिलं त्यानं. माझं आधारकार्ड बघितलं, यादी बघितली.

"म्हणजे हे तुम्ही. तुम्ही हयात आहात."

"हो."

त्यानं पेन काढलं आणि माझ्या नावावर आडवी रेघ ओढली. वरती चार लिहिलं होतं ते खोडून तीन केलं. मग शेजारच्याला म्हणाला, "चला, एक कमी झाला." आवाजात सुटकाच होती, ती त्याला लपवता आली नाही.

मी आयुष्यात पुष्कळ बघितलंय. वितळलेलं लोखंड अंगावर सांडलेला माणूस बघितलाय, टोळीच्या ट्रॅक्टरखाली गेलेला माणूस बघितलाय. पण त्या रेघेनं मला जसं सुन्न केलं तसं कशानंच केलं नाही. भाऊ दहा पावलांवर चादरीखाली होता आणि कागदावरून तो निघून गेला होता.

"अन् आत हाय तो?" मी विचारलं आणि भावाचं नाव सांगितलं.

"आमच्या हजेरीवर त्या नावाचा कुणीच नाही. बाहेरचा इसम विनापरवाना आत शिरला, असं दिसतंय. पोलिस बघतील."

मी त्याच्या अंगावर धावलो. लोकांनी धरलं. धरलं नसतं तर काय केलं असतं, कोण जाणे. कंबर तर धड नव्हती.

दहावा झाला आणि मी युनियनच्या ऑफिसात गेलो. ऑफिस म्हणजे पंक्चरच्या दुकानाला लागून एक खोली, लाल रंग उडालेली पाटी, चार खुर्च्या. सेक्रेटरी म्हणजे आमच्या भट्टीवरचाच जुना गडी, निवृत्त झालेला. लोखंडाच्या लखलखाटानं त्याचा एक डोळा गेलाय. वीस वर्षांचा आमचा स्नेह. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि टेबलावर असा हात आपटला की पेन उडून खाली पडलं.

"बे, कार्ड दिलंस? तू? कार्ड कशासाठी मिळवलं व्हतं आपुन, इसरलास?"

विसरलो नव्हतो. पण विसरल्यासारखं वागलो होतो, हे खरं. मी कारखान्यात लागलो तेव्हा कुणालाच नाव नव्हतं. ठेकेदाराचा माणूस गेटवर उभा राहायचा आणि दाराच्या पत्र्यावर खडूनं डोकी लिहायचा. रोज संध्याकाळी पत्रा पुसला की आम्हीही पुसले जायचो. मग एक दिवस एक परप्रांतातला गडी क्रेनच्या साखळीतून सुटलेल्या लोखंडाखाली गेला. त्याचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. सगळे त्याला भैया म्हणत. गाव विचारलं तर कुणी काही सांगे, कुणी काही. टेम्पोत घालून त्याला कुठं नेलं ते आजतागायत कळलेलं नाही. त्याच्या घरची माणसं अजून वाट बघत असतील.

त्यावरून युनियन झाली. आमची पहिली मागणी पगाराची नव्हती, हे आजच्या पोरांना खरं वाटत नाही. नाव द्या, नंबर द्या, फोटोचं कार्ड द्या, एवढीच मागणी. दीड महिना गेटवर बसलो. बीडकडच्या गावांतून एसटीच्या टपावर भाकरीची गाठोडी यायची. केजहून, आष्टीहून, सिरसाळ्याहून, ज्या घरचा गडी मंडपात असेल त्या घरून. माझं गाठोडं भाऊ घेऊन यायचा. नुकतंच लग्न झालेलं, तरी दर दोन दिवसांनी यायचा, आणि घोषणा द्यायला माझ्यापेक्षा मोठा आवाज त्याचाच. कार्ड मिळालं त्या दिवशी आम्ही ते गळ्यात घालून गावभर फिरलो होतो. नव्या नवरीनं मंगळसूत्र मिरवावं तसे मिरवलो. पुढं बूट मिळाले, कँटीन मिळालं, आठ तासांची पाळी मिळाली. मग हळूहळू कायम गडी निवृत्त होत गेले, त्यांच्या जागी ठेकेदाराची माणसं आली, आणि आमच्या सभेला खुर्च्या जास्त व्हायला लागल्या. मी तरीही कमिटीवर होतो. भाषणं करत होतो. कार्ड म्हणजे कामगाराचा श्वास, असलं काहीतरी मी मागच्याच वर्षी बोललो होतो आणि टाळ्याही घेतल्या होत्या.

सेक्रेटरीनं पेन उचललं. "हे बघ," तो म्हणाला, "भावाचं नाव यादीत घालायचं तर एकच वाट. कार्ड मी दिलं, त्याला कामावर मी पाठवलं, असं तू सही करून लिहून द्यायचं. तुजी नोकरी जाईल. वरून फसवनुकीचा दावा लावतील तर लावतील. अन् नुसत्या तुज्या लिहिन्यानं भागायचं न्हाई. तो भट्टीवर उभा व्हता हे डोळ्यांनी बघितलेला गडी पायजे."

"गडी मिळंल," मी म्हटलं.

"मिळंल का?" तो म्हणाला. 

त्याच आठवड्यात ठेकेदार गावी आला, पांढऱ्या गाडीतून, पेढ्याचा पुडा नव्हता एवढंच. ओट्यावर बसला, हळहळला. मग खिशातून लिहिलेला कागद काढला. सरळ गोष्ट होती, तो म्हणाला. भाऊ त्या दिवशी माझ्यासाठी डबा घेऊन आत गेला होता आणि दुर्दैवानं सापडला, एवढं आम्ही लिहून द्यायचं. मी लघवीला बाहेर गेलो होतो म्हणून वाचलो. मग कंपनी माणुसकी म्हणून त्याच्या बायकोला काही देईल, माझी नोकरी राहील, कार्डाचा विषय कुणी काढणार नाही.

खरं सांगतो, माझं मन डगमगलं. गेलेला तर येत नाही, असं माझ्या तोंडात आलंही होतं. धाकटी दाराच्या आत बसून ऐकत होती. ती अशी परक्या माणसापुढं कधी येत नसे. ती उंबऱ्यावर आली.

"डबा?" ती म्हणाली. "डबा द्यायला गेलते व्हय ते?"

ठेकेदार म्हणाला, "ताई, ते नुसतं लिहिन्यापुरतं."

"दीड म्हैना भट्टीसमोर उभे व्हते. फोनवर सांगायचे, पायाचे तळवे सोलून निघाले. काम करताना गेले ते. मला दुसरं काय बी नगं. काम करताना गेले, आसं लिव्हा अन् खाली त्यान्चं नाव लिव्हा." मग ती माझ्याकडं वळून म्हणाली, "दादा, तुमी सही केली तर मी तुमच्या घरात ऱ्हानार न्हाई."

ठेकेदारानं कागदाची घडी घातली. मी त्याच्यासमोर मान खाली घालून बसलो होतो. ओठावर आलेलं ते वाक्य बाहेर पडलं नाही, हे माझं नशीब.

सेक्रेटरीनं त्या पाळीतल्या सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. सोळाजण होते, त्यातले बरेच आपल्याच जिल्ह्यातले, ओळखीचे चेहरे. मी हात जोडले. तुम्ही त्याला रोज बघितलंय, म्हटलं, त्याच्याबरोबर जेवलात, एवढं सरकारी चौकशीत साहेबापुढं येऊन सांगा. एकजण नखं बघत होता, एकजण पाटीवरचा रंग. मला संताप आला. म्हटलं, तुमच्या बापाच्या काळात आम्ही दीड महिना गेटवर बसलो ते कुणासाठी? लाजा कशा वाटत नाहीत?

तेव्हा सिरसाळ्याकडचा एक क्रेनवाला उठला. हळूच म्हणाला, "मी सांगतो की. त्यानं त्या दिवशी माज्याच डब्यातलं लोनचं घेतलं व्हतं. पन साहेबानं माजं कार्ड बघितलं तर?"

"बघू दे की."

"कार्ड मेव्हन्याचं हाय."

मी त्याच्याकडं बघतच राहिलो. मग मागून दुसरा म्हणाला, माझं चुलत्याचं. तिसरा म्हणाला, ज्याचं कार्ड आहे तो गडी दोन वर्षांपूर्वी गाव सोडून गेला, मी त्याच्याच नावानं आहे. सेक्रेटरी एका डोळ्यानं कागदावर लिहीत गेला. सोळापैकी नऊजण दुसऱ्याच्या नावावर भट्टीसमोर उभे होते. उरलेले सात गप्प होते ते या नऊजणांचं बाहेर येऊ नये म्हणून. ठेकेदाराला ठाऊक होतं. गेटवाल्याला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त आमच्या कमिटीला, कारण आम्ही स्फोटाआधीच्या सभेत कँटीनच्या चहाचा ठराव करत होतो.

मला त्या खोलीत बसवेना. दीड महिना गेटवर बसून आम्ही जे मिळवलं त्याचा आमच्याच माणसांनी कोयता करून टाकला होता, आणि त्यात पहिला दोषी कोण म्हणावं तर कमिटीचा माणूस. मी खाली मान घालून म्हटलं, "लाजेचं बोललो ते मागं घेतो." क्रेनवाल्यानं मला पाण्याची बाटली दिली.

चौकशीला सरकारी अधिकारी बाई आल्या होत्या. मी उभा राहून सगळं सांगितलं. कार्ड मी दिलं, काम मी शिकवलं. ज्यानं स्फोट झाला त्या बंद पाइपाचंही सांगितलं, भावाला त्याबद्दल बजावलं होतं की नाही हे आठवत नाही, असंही सांगितलं. बाईंनी ते लिहिताना क्षणभर हात थांबवला. माझ्यामागं क्रेनवाला उभा राहिला आणि म्हणाला, "हे माजं नाव, कार्डावरचं माजं न्हाई, अन् मी त्याला भट्टीवर बघितलंय." त्याच्यामागं एकेक करत आणखी पाच आले, म्हणजे नऊपैकी सहा. तिघं आले नाहीत. त्यांना मी नावं ठेवणार नाही, त्यांच्या घरी चूल त्याच कार्डावर पेटते.

त्या सहाजणांना कामावरून काढलं. मलाही काढलं. सेक्रेटरी त्या सहांसाठी अजून भांडतोय. माझ्यासाठी भांडू नको, असं मीच सांगितलं. पावसाळा संपता संपता कागद आला. मृत कामगारांची यादी, वर तीन खोडून पुन्हा चार केलेलं, आणि चौथ्या ओळीत भावाचं नाव. मी ते धाकटीला वाचून दाखवलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग कागद घेऊन आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आपण निदान एवढं तरी केलं, असं मला त्या दिवशी वाटलं. थोडा ताठ होऊन ओट्यावर बसलो, लपवत नाही.

दसरा झाला. टोळ्या निघायचे दिवस आले. धाकटी म्हणाली, मी जाणार. तिचा भाऊ तिच्याबरोबर उभा राहणार होता, म्हणजे कोयता पुरा. मी नको म्हटलं. तिनं विचारलं, मग काय करू, आणि बोचकं बांधायला लागली. सकाळी ट्रक वेशीपाशी उभा होता. चुली, पत्रे, शेळ्या चढवणं चाललं होतं. मुकादम वही घेऊन एकेका कोयत्याचं नाव पुकारत होता. आणि त्यानं माझ्या भावाचं नाव पुकारलं.

नेहमीच्या सुरात. पुकारलं आणि टिक मारली.

चार महिने ज्या नावासाठी आम्ही मेलो, कागदावर मेलेला म्हणून ते लिहून घेतलं, ते इथं जिवंत होतं. मुकादमाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. "कोयता त्याच्याच नावावर हाय की दरसाल," तो म्हणाला. "नाव कशाला बदलायचं? बाया येतात तशा नवऱ्याच्या नावावर."

धाकटी ट्रकपाशी गेली. बोचकं खाली ठेवलं.

"ते नाव खोडा," ती म्हणाली. "ते वारले. कोयता मी चालवनार, माजं नाव लिव्हा."

"बाईच्या नावावर कोयता?" मुकादम हसला. "आसं कुठं आस्तंय का?" मग मला बघून म्हणाला, "अहो, तुमी तर युनियनवाले. सांगा की हिला."

"ती म्हनती तसं लिव्हा," मी म्हटलं. आवाज चढला माझा, ट्रकवरची माणसं वळून बघायला लागली.

"बरं बाबा, लिव्हतो." मुकादमानं भावाच्या नावावर रेघ ओढली, पेन टेकवलं आणि मलाच विचारलं, "सांगा, नाव काय हिचं?"

मी तोंड उघडलं आणि मला तिचं नाव आठवेना. लग्नात बदललेलं एक होतं, माहेरचं एक होतं. घरात आम्ही सगळे तिला धाकटी म्हणायचो. अर्जांवर तिचं नाव सेक्रेटरीनं लिहिलं होतं, आणि मी दर कागदावर भावाचं नाव बरोबर आहे ना, एवढंच तीनतीनदा तपासलं होतं. पंधरा वर्षं तिनं माझ्या घरात भाकरी थापल्या. नाव द्या, नंबर द्या, म्हणून गेटवर घसा फोडलेला माणूस मी, तिथं चाळीस माणसांपुढं तोंड उघडं टाकून उभा राहिलो.

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. बहुतेक तिला हे आधीपासून ठाऊक असावं. मग ती मुकादमाकडं वळली आणि खणखणीत आवाजात स्वतःचं नाव सांगितलं, मग नवऱ्याचं, मग आडनाव. मुकादमाला एक अक्षर नीट ऐकू आलं नाही, ते तिनं पुन्हा सांगितलं. तो लिहून होईपर्यंत ती वहीत बघत उभी राहिली, आणि मग बोचकं उचलून ट्रकवर चढली.